खांबामागच्या माढेकरबाई

माढेकरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पुरुषांच्या वॉर्डात एका खांबामागं लपल्या होत्या. लपल्या होत्या असंच म्हणायला हवं. पन्नाशीला टेकलेली, अंगानं भरलेली, पांढऱ्या कोटाखाली हिरवं इरकली नेसलेली बाई खांबाआड उभी राहून तीन खाटांपलीकडच्या एका म्हाताऱ्याकडं टक लावून बघत होती. म्हातारा एका हातानं सदऱ्याचं बटण लावायच्या खटपटीत होता. मी नेमणुकीचा कागद घेऊन पुढं झाले आणि नमस्कार म्हटलं, तर बाईंनी माझ्याकडं न बघताच ओठांवर बोट ठेवलं. बटण लागेपर्यंत आम्ही दोघी त्या खांबामागं मुकाट उभ्या. मग त्यांनी कोटाच्या खिशातून काळ्या पुठ्ठ्याची वही काढली, दोन ओळी खरडल्या, वही परत खिशात घातली आणि पहिला प्रश्न विचारला, "कागद खरा आहे ना?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. कागद उजेडाकडं धरून त्यांनी शिक्का नीट पाहून घेतला.

साल शहात्तर. आणीबाणीचे दिवस. सोलापुरातल्या त्या दवाखान्यात, नाव कशाला सांगू, माणसं चहा पितानासुद्धा आधी मागं वळून बघत आणि मग बोलत. अशा दिवसांत खांबामागं उभी राहून वहीत काहीतरी टिपणारी बाई म्हणजे काय हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. पहिल्याच आठवड्यात वॉर्डातल्या सिस्टरनं मला कोपऱ्यात घेऊन बजावलं, "माढेकरबाईंसमोर जपून हं. ती वही वर जाते." वर म्हणजे कुठं हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण मी लगेच विश्वास ठेवला. खोटं कशाला बोलू, बाईंच्या त्या वहीला मी पुढचं वर्षभर घाबरून होते.

पाटीवर त्यांच्या नावाखाली 'सीनियर ऑक्युपेशनल थेरपिस्ट' असं लिहिलं होतं. ते दवाखान्यात कुणाला धड म्हणता येत नसे. ज्यांच्या अंगावरून वारं गेलंय, एक हात, एक पाय लुळा पडलाय, अशांना पुन्हा जेवता यावं, सदरा घालता यावा, नाडी बांधता यावी, घराचं कुलूप उघडता यावं, हे आमचं काम. चालायला शिकवणारे वेगळे होते. आमच्याकडं माणूस यायचा तो रोजचं जगणं परत शिकायला. खेड्यातली माणसं बाईंना 'बटनबाई' म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. मला मात्र बाई माझ्या नावानं कधीच हाक मारत नसत. मी मिरजेची, शिक्षणापुरती मुंबईत राहिले एवढाच माझा गुन्हा, पण बाईंच्या लेखी मी कायमची 'मुंबईकर' झाले.

बाईंच्या खांद्याला एक खादीची पिशवी असे. तिच्यात एक बटणांचा जुना सदरा, पितळी कुलूप, नाडीची पिशवी, काड्यापेटी, सुतळीचं भेंडोळं आणि एक स्टीलचं ताट. ताटात ज्वारी आणि खडे मिसळून रोग्यापुढं ठेवायचे, निवडायला सांगायचं. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून त्या तो जाड करून देत, म्हणजे कमजोर मुठीत बसे. हातासाठी लाकडी फळ्या करून द्यायला रसूलचाचा नावाचे सुतार येत. बाई त्या फळीवरून तीन-तीनदा हात फिरवून कुसळ शोधायच्या. एकदा चाचा वैतागून म्हणाले, "बाईसाब, तुमकू तो अपने साये पो बी शक आता." बाई म्हणाल्या, "येतो. सावली दुपारी कुठं जाते ते बघितलंय का कधी?" आणि चौथ्यांदा हात फिरवला.

संशय हा त्यांचा स्वभाव होता. चपला पायात घालण्याआधी त्या झटकून बघत. सोलापूरच्या उन्हाळ्यात विंचू निघतात म्हणून ते एक वेळ ठीक, पण दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरही झटकत. दूध हुंगून चहात घालत. खोलीला कुलूप लावून चार पावलं गेल्या की परत येऊन ओढून बघत. गिरणीचा भोंगा झाला तरी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून स्वतःचं मनगटावरचं घड्याळ तपासत आणि दोन्हींवर नाराज होत. मोठे डॉक्टर फेरीला आले आणि "इंप्रूव्ह होतोय" म्हणाले की बाई मान हलवत, आणि डॉक्टर वळले की त्या रोग्याला पहिल्यापासून तपासायला घेत.

"सांगू नका, दाखवा," हे त्यांचं वाक्य. रोग्याला तेच, नातेवाइकाला तेच, मला तेच. आणि जरा खुशीत असल्या तर पुढचं येई: "तोंड लाजतं, कागद घाबरतो. हाताला दोन्ही येत नाही."

माझी पहिली फजिती याच वाक्यानं झाली. एका रोग्याच्या कागदावर मी लिहिलं, 'सदरा स्वतः घालतो.' त्याच्या मुलानं तसं सांगितलं होतं. मुलगा शिकलेला, शाळेत मास्तर, खोटं कशाला बोलेल? बाईंनी कागद वाचला, मला हाताला धरून वॉर्डात नेलं आणि खांबामागं उभं केलं. आंघोळीनंतर मास्तर आला, बापाचा लुळा हात बाहीत घातला, डोकं गळ्यातून काढलं, बटणं लावली आणि वडिलांना म्हणाला, "बघा, किती छान घातलात!" बाप खूश. मुलगा त्याहून खूश. बाईंनी माझ्यादेखत कागद फाडला.

"तो खोटं बोलला नाही गं," बाई म्हणाल्या. "त्याला खरंच तसं वाटतं. म्हणून तर जास्त भीती."

दुसरी गोष्ट नरसम्माची. विडी वळणारी तेलुगू म्हातारी, उजवं अंग गेलेलं. मी दोन आठवडे तिच्यापुढं बसून "हे चिमटीत धरा, हे उचला" म्हणून डोकं फोडलं. ती कपाळावर डावा हात मारून "कादम्मा, कादु" म्हणायची. होत नाही, बाई, होत नाही. एक दिवस माढेकरबाई तिच्या सुनेकडून विड्यांचं सूप मागवून घेऊन आल्या. पानं, तंबाखू, दोरा सगळं. नरसम्माकडं ढुंकूनही न बघता त्या शेजारी बसल्या आणि स्वतःच विडी वळायला लागल्या. इतकी वाईट विडी मी जन्मात पाहिली नाही. एका टोकाला फुगलेली, दुसऱ्या टोकातून तंबाखू सांडतेय. नरसम्मा दोन मिनिटं सोसत बसली, मग तिनं तेलुगूत काहीतरी शिवी हासडली आणि बाईंच्या हातातलं पान ओढून घेतलं. उजव्या हातानं. वाकडी का होईना, पण तिनं विडी वळली.

मी तावातावानं म्हणाले, "म्हणजे इतके दिवस हिचं नाटक चाललं होतं!"

बाई माझ्यावर इतक्या चिडलेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. "नाटक? चाळीस वर्षं पोट भरलंय त्या हातानं. तो तुझा हुकूम ऐकायला बसलाय का? हुकमानं येत नाही ते सवयीनं येतं. संशय घ्यायचा तर आधी आपल्या प्रश्नावर घे, मुंबईकर." मला रडू आलं. त्यांनी वही काढून काहीतरी लिहिलं आणि मला पक्की खात्री झाली की आज माझं नाव वर गेलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ती करकंबच्या अण्णांची गोष्ट सांगते.

अण्णा म्हणजे करकंबचे बागाईतदार, साठीचे, भारदस्त मिशा. डावं अंग गेलं म्हणून आमच्याकडं आले आणि दीड महिना राहिले. त्यांची खाट कोपऱ्यातली, डाव्या हाताला भिंत. सोबतीला सून. तिचं नाव गंगव्वा, वय वीस-एकवीस. माहेर अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीचं, त्यामुळं बोलताना मधेच कानडी शब्द यायचे. पदर कपाळापर्यंत ओढलेला, सासऱ्यासमोर आवाज वर न्यायचा नाही अशी वळणाची पोर. सासऱ्याचं सगळं तीच करायची. भरवायची, तोंड पुसायची, लुळा हात चोळायची.

बाईंना ती पहिल्याच दिवशी खटकली. "ही पोर म्हाताऱ्याला पांगळा करणार," त्या मला म्हणाल्या. मास्तर मुलाचा धडा ताजा होता, मलाही पटलं. बाईंनी गंगव्वाला खाटेपासून उठवून व्हरांड्यात बसवलं. अण्णांनी एका हातानं स्वतः जेवायचं म्हणून दुधात, आमटीत भाकरी कुस्करून खोलगट वाडग्यात काला द्यायचा असा हुकूम निघाला. अण्णा वाडगा चाटूनपुसून संपवायला लागले. सदरा घालायला लागले. बाई रोज खाटेजवळच्या स्टुलावर बसून तपासत आणि समाधानानं नाही, पण कमी नाराजीनं उठत.

एकदाच एक गोष्ट चुकली. ज्वारीच्या ताटातले खडे अण्णांनी अर्ध्या ताटातलेच काढले. डाव्या बाजूचे तसेच राहिले. बाईंनी भुवई उचलली तर अण्णा मिशीतून हसत म्हणाले, "त्या डोळ्यात मोतीबिंदू हाय बाई. कागदावर लिवलंय बगा." कागदावर खरंच लिहिलं होतं, डावा डोळा, मोतीबिंदू. बाईंनी कागद पाहिला आणि पुढं गेल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कागद खरा मानलेला मी हा एकदाच पाहिला.

त्याच दुपारी गंगव्वा व्हरांड्यात आम्हाला आडवी आली. पदराचं टोक दातात धरून खाली बघत म्हणाली, "बाई, मामंजी ह्या अंगाचं..." आणि स्वतःच्या डाव्या हाताकडं बोट केलं. "ह्या अंगाचं ठिवलं तर घेतच न्हाईत. हाक मारली तर तिकडंच बगत्यात. लई भ्या वाटतंय मला."

"तू ठेवूच नकोस," बाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांना करू दे. आणि मला सांगू नकोस. त्यांना करून दाखवू दे."

गंगव्वा मागं सरली. मी तिथंच उभी होते आणि मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी या पोरीला सांगायलाच हवं होतं. अण्णा घरी गेले.

दोन महिन्यांनी ते तपासणीला परत आले तेव्हा बरोबर बायको होती, मुलगा दत्ता, म्हणजे गंगव्वाचा नवरा, होता, आणि सर्वांत मागं गंगव्वा. तिच्या पायाशी एक हिरवी पत्र्याची ट्रंक आणि सुतळीनं बांधलेली वळकटी. अण्णांना भरती करायचं नव्हतं, मग ट्रंक कशाला? मी विचारलं तर सासूबाईंनी ताडकन सांगितलं, "हिला मैंदर्गीला सोडायची हाय. तीनची अक्कलकोटची गाडी हाय. पुन्यांदा आणायची न्हाई."

दत्ता जमिनीकडं बघत होता. गंगव्वा रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं.

सासूबाईंनी सगळं सांगितलं. अण्णा वाळत चाललेत. सून जेवायला वाढत नाही. आपण नव्हे, अण्णा स्वतः सांगतात. विचारा की! अण्णांनीही मान डोलावली. "वाडतच न्हाई वो ती मला. भाकरी अर्दीच. चटणी न्हाई, कांदा न्हाई. मागितलं तर गप बसती." आणि मग, सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, अण्णांच्या डाव्या कानाशी बसून ती कानडीत काहीतरी पुटपुटत असते. रोज. शेजारणीनं ऐकलंय. तेव्हापासून अण्णा तिच्याकडं तोंडच करत नाहीत. "आता ह्येला काय म्हनायचं, तुमीच सांगा. तिला इचारलं तर म्हनती, वाडलं हुतं. ताटात उरल्यालं दिसतं ते नंतर आणून टाकत आसंल, दावायला."

मी गंगव्वाकडं पाहिलं. ती वळकटीची सुतळी आवळत होती. एकदा सांगून झालं होतं तिचं.

बाईंनी अण्णांच्या कागदावरची मोतीबिंदूची ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी विचारलं, "घरी काला देता का वाडग्यात?"

"काला?" सासूबाईंना अपमान वाटला. "घरच्या कर्त्या माणसाला वाडग्यात? ताट वाडतो की नीट."

"डबा आणलाय?"

डबा होता. बाईंनी पिशवीतलं स्टीलचं ताट काढलं, धुऊन घेतलं आणि स्वतः वाढायला बसल्या. घरी वाढतात तसं. डाव्या हाताला मीठ, शेंगाचटणी, कांद्याच्या फोडी. उजव्या हाताला वांग्याच्या कालवणाची वाटी. भाकरीचे तुकडे करून मधे, दोन्हीकडं सारखे पसरले. अण्णांना व्हरांड्यात बाकावर बसवून पुढं स्टुलावर ताट ठेवलं. मग आम्हाला चौघांना, सासूबाई, दत्ता, गंगव्वा आणि मला, घेऊन त्या खांबामागं जाऊन उभ्या राहिल्या. एका खांबामागं पाच माणसं मावत नाहीत. पण कुणी हसलं नाही.

अण्णा जेवायला लागले. शांतपणे, घास मोडून. उजवीकडचे तुकडे संपले, मधले संपले, वाटी रिकामी झाली. मग त्यांनी ताटावर हात फिरवला, उजवीकडंच, आणि हात थांबला. ताटाच्या मधोमध रेघ मारल्यासारखं झालं होतं. डावीकडं भाकरी, चटणी, कांदा जसंच्या तसं.

बाई पुढं गेल्या. "पोट भरलं का अण्णा?"

"कुटलं? बगा की, तुमीबी अर्दीच वाडली. चटणीबी न्हाई." अण्णांच्या आवाजात खरीखुरी तक्रार होती.

बाईंनी दोन्ही हातांनी ताट धरलं आणि जागच्या जागी अर्धं फिरवलं.

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. "आत्ता वाडलं व्हय?" ते म्हणाले, आणि भुकेल्या माणसासारखे जेवू लागले. त्या घासांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

सासूबाई मात्र खमक्या. त्या म्हणाल्या, "दवाखान्याचं ताट हाय. तुमीच कायतरी केलं आसंल."

मला संताप आला. बाईंना आला नाही. उलट त्यांनी सासूबाईंकडं जरा कौतुकानंच पाहिलं, आपल्याच जातीच्या संशयी माणसाकडं पाहावं तसं. "बरोबर आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथं येऊन बसा." त्यांनी सासूबाईंना बाकावर अण्णांच्या डाव्या बाजूला बसवलं, मांडीला मांडी लागेल इतकं जवळ. मग स्वतः उजवीकडं उभ्या राहून विचारलं, "अण्णा, मालकीण कुठं गेल्या तुमच्या?"

अण्णांनी उजवीकडं पाहिलं, समोर पाहिलं. "आत्ता हितंच हुती की. गेली आसंल बाहीर."

"अवो, ही काय मी!" सासूबाई ओरडल्या. अण्णांची मान आणखी उजवीकडं वळली. आवाज कुठून येतोय तेच त्यांना उमगेना. "हितं हाय मी! ह्या अंगाला!" चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईला नवऱ्यानं असं टाळलं नसेल. तिनं त्यांचा लुळा हात उचलून स्वतःच्या छातीशी धरला आणि हंबरडा फोडला. अण्णा उजवीकडंच बघत काळजीनं विचारत होते, "कोण रडतंय? काय झालं?"

मग बाईंनी समजावलं. डोळ्याचा दोष नाही. डोक्यात जिथं वारं गेलं तिथं अण्णांची डावी बाजूच पुसली गेलीय. डावीकडं जग आहे हेच त्यांना ठाऊक नाही. म्हणून डावीकडची भाकरी नाही, डावीकडचं माणूस नाही. खोलगट वाडग्यातला काला घरंगळून मधे येतो, म्हणून दवाखान्यात ते कळलंच नाही. ते खोटं बोलत नाहीत. आणि ही पोरही नाही.

"मग ती कानडी?" दत्तानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

बाईंनी गंगव्वाकडं पाहिलं. गंगव्वा हळू म्हणाली, "इल्ली नोड्री म्हनते. हिकडं बगा. सासऱ्याला मराठीत मोट्यानं कसं म्हनू? घाबरल्यावर मला घरचंच येतंय तोंडात." आणि मग तिला रडू फुटलं.

सहा महिन्यांपूर्वी असतं तर मी पैज लावून सांगितलं असतं की माढेकरबाई आता पाठ सरळ करून सगळ्यांना फैलावर घेतील. त्यांनी तसं केलं नाही. त्या सासूबाईंपुढं, दत्तापुढं, व्हरांड्यातल्या रांगेतल्या पंचवीस माणसांपुढं स्पष्ट म्हणाल्या, "हिनं मला हे दोन महिन्यांमागंच सांगितलं होतं. शब्द न् शब्द. मी ऐकलं नाही. तुमच्या घरात जे झालं ते माझ्यामुळं झालं."

हे बोलायला लागतं ते काळीज माझ्यात नव्हतं. मीही तिथं होते, मीही ऐकलं होतं. मी गप्प उभी राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

सासूबाईंनी डोळे पुसून वळकटी उचलली. "चल गं घरी," त्या गंगव्वाला म्हणाल्या. गंगव्वानं वळकटी त्यांच्या हातातून काढून घेतली, हळूच, पण काढून घेतली.

"तीनच्या गाडीनं जाते मी आत्याबाई," ती म्हणाली. "आठ दीस माह्यारी ऱ्हाते. मग न्यायला या. तुमी या."

सासूबाई गेल्या का आणायला? गेल्या. पुढच्या तपासणीला चौघं परत आले तेव्हा गंगव्वा अण्णांच्या डाव्या बाजूला बसली होती आणि पदर कपाळावरून मागं सरकलेला होता. बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं: सगळ्यांनी डावीकडनंच बोलायचं, खाट अशी फिरवायची की दार डावीकडं येईल, आणि जेवताना ताट एकदा फिरवायचं. गंगव्वा आता खणखणीत आवाजात "इल्ली नोड्री!" म्हणायची आणि अण्णांची मान कुरकुरत, उशिरानं, पण तिच्याकडं वळायची.

ताट फिरवलं त्याच दिवशी संध्याकाळी अण्णांचा कागद लिहायला मला बाईंनी काळी वही दिली. "यातनं उतरवून घे," म्हणाल्या. वर्षभर जिची भीती वाटली ती वही अशी सरळ हातात आली तेव्हा मी आधी दाराकडं पाहिलं, इतकी त्या दिवसांची सवय. वहीत कुणाचं नाव वर जावं असं काही नव्हतं. रोगी, तारीख आणि खाली एकेक ओळ. सगळ्या ओळी एकाच माणसाबद्दल होत्या. 'घाई केली.' 'नरसम्मा, दोन आठवडे मुंबईकरवर सोडली, स्वतः बघायला हवं होतं.' आणि शेवटच्या पानावर: 'करकंब अण्णा. डावीकडं भिंत, म्हणून मी रोज उजवीकडं बसले. कागद खरा धरला. सून खोटी धरली.'

मी वही परत दिली. त्यांनी ती उघडून पानं मोजली, मी एखादं फाडलं तर नाही ना ते बघायला.

तेव्हापासून बाईंना एक नवी सवय लागली. जेवण झालं, हात धुवायला उठायचं, त्याआधी त्या स्वतःचं ताट अर्धं फिरवून बघत. स्वच्छ असे ताट नेहमी. तरी बघत. कँटीनमध्ये पोरी हसायच्या. मी हसत नसे.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निरोपाच्या चहाला बाई आल्या, चहा हुंगून प्यायल्या, एक शब्द चांगला बोलल्या नाहीत. "एसटी स्टँडवर येईन," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी मिरजेच्या गाडीत उजवीकडची खिडकी धरली आणि वाट बघत बसले. आमच्या सिस्टर आल्या, रसूलचाचा आले, लाकडी पोळपाट दिला. बाई नाहीत. कंडक्टरनं घंटी दिली तरी मी खिडकीतून मान काढून फाटकाकडं बघत होते. मनात नको ते येऊन गेलं. दोन वर्षं राबले, पण शेवटी त्यांच्या लेखी मीही एक कागदच. नव्हतंच यायचं त्यांना. म्हणायचं म्हणून म्हणाल्या. डोळे भरून आले आणि रागही आला.

गाडी मागं सरून वळायला लागली आणि धक्क्यानं माझी मान फिरली. पलीकडच्या खिडक्यांतून, दोन बायका आणि एका मुंडाशाच्या वरून, फलाट दिसला. डाव्या हाताला, खांबाआड, हिरवं इरकली. बाई उभ्या होत्या. केव्हापासून ते देव जाणे. त्या माझ्याकडंच बघत होत्या आणि मी एकदाही तिकडं मान वळवली नव्हती.

मी उठून वेड्यासारखा हात हलवला. त्यांनी हलवला नाही. त्यांनी खिशातून वही काढली आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत काहीतरी लिहीत राहिल्या. ते माझ्याबद्दल होतं की स्वतःबद्दल, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.